झोन दिसला, पण मारलं कोणी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सटाण्याचा एक विद्यार्थी नाशकात एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी करतोय. ऑगस्टमध्ये अंजनेरीच्या पायथ्याच्या जांभळाची निरोगी पानं आणून त्यानं पानांच्या आत राहणाऱ्या, म्हणजे अंतर्वासी, बुरशीचे अकरा प्रकार वेगळे केले. त्यातल्या एकीची टिकली कापून स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू पसरलेल्या प्लेटवर ठेवली, तर दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती १८ मिलिमीटरचा लख्ख झोन, म्हणजे जिवाणू न उगवलेलं वर्तुळ. ई. कोलाय या दुसऱ्या जिवाणूवर मात्र काहीच नाही. त्याला विचारायचंय, हे नवं अँटिबायोटिक असेल का, पुढं काय करू, पेटंट मिळेल का. घरी डाळिंबाची बाग आहे, त्यामुळे वडिलांचा वेगळा प्रश्न: डाळिंबाच्या तेल्या रोगावर चालेल का?

अभिनंदन नंतर करते. आधी सांगा, ती टिकली कापली कुठल्या प्लेटवरून?

पानाचे तुकडे लावताना जिवाणू वर येऊ नयेत म्हणून आपण पीडीएमध्ये, म्हणजे बटाटा-डेक्स्ट्रोज अगार या जेलीसारख्या माध्यमात, अँटिबायोटिक घालतो. कुणी क्लोरॅम्फेनिकॉल घालतं, कारण ते ऑटोक्लेव्हमध्येही टिकतं. कुणी अगार थोडं निवल्यावर स्ट्रेप्टोमायसिन घालतं. काही जुन्या पद्धतींत पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन दोन्ही असतात. बुरशीला त्याचा त्रास होत नाही, ती वर मजेत पसरते. मग विद्यार्थी सहा मिलिमीटरचा कॉर्क बोरर घेतो, त्याच प्लेटवरून टिकली कापतो आणि स्टॅफिलोकॉकसवर ठेवतो. त्या टिकलीत बुरशी आहे, आणि आपण स्वतःच्या हातानं ओतलेलं औषधही आहे. काखेत कळसा अन् गावाला वळसा. मी परीक्षक म्हणून ज्या प्रोजेक्टच्या वह्या पाहिल्या, त्यांतले कितीतरी झोन असेच निघाले.

म्हणून पहिलं काम, तीन टिकल्यांची एक प्लेट लावा. एक टिकली बुरशी नसलेल्या साध्या पीडीएची. दुसरी बुरशी नसलेल्या, पण अँटिबायोटिक घातलेल्या पीडीएची. तिसरी तुमच्या बुरशीची, पण साध्या पीडीएवर दोन-तीनदा सबकल्चर करून, म्हणजे नव्या प्लेटवर पुन्हा वाढवून, घेतलेली. दुसरीभोवती झोन आला आणि तिसरीभोवती नाही, तर विषय तिथंच संपला.

ई. कोलायवर काहीच आलं नाही, हे यात तुमच्या बाजूचं लक्षण आहे. क्लोरॅम्फेनिकॉल किंवा स्ट्रेप्टोमायसिन असतं तर साध्या, संवेदनशील ई. कोलायलाही मार बसला असता. मात्र तुमच्या विभागातला ई. कोलाय खरोखर संवेदनशील आहे का, हे बघून घ्या. वर्षानुवर्षं स्लँटवरून स्लँटवर, म्हणजे तिरक्या अगारच्या नळीतून नळीत, चालत आलेल्या कल्चरची बाटलीवरची चिठ्ठी एक सांगते आणि आतला जीव दुसरं. जवळ क्लोरॅम्फेनिकॉलची कागदी डिस्क ठेवून बघितलं की कळतं.

पण "स्टॅफिलोकॉकस मरतो, ई. कोलाय मरत नाही" ही खूण वाचली की माझ्यासारखीच्या मनात दुसरंच नाव येतं. ते पेनिसिलिनचं. फ्लेमिंगनं १९२८ मध्ये पाहिलं ते हेच, पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती याच्याचसाठी. आणि पेनिसिलियम ही काही दुर्मीळ बुरशी नाही. ती लिंबाच्या सालीवर असते, ओल्या भिंतीवर असते, तुमच्या लॅबच्या हवेत या क्षणी तिचे बीजाणू तरंगत असतील.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका कॉलेजात शिकवत असताना करंजाच्या पानातून मिळालेल्या एका बुरशीमागे मी चौदा महिने घालवले. निळसर हिरवी, पावडरीसारखी कॉलनी, कडेला पांढरी किनार आणि वर घामाच्या थेंबांसारखे पिवळेधमक थेंब. दिसायला इतकी देखणी की मी तिचे फोटो काढून ठेवले होते. स्टॅफिलोकॉकसवर पंचवीस मिलिमीटरचा झोन, ई. कोलायवर शून्य. एका शनिवारी खिडकीखाली विसरलेली एक कोरी प्लेट हातात आली आणि तिच्यावर तीच बाई बसलेली, तेच पिवळे थेंब. करंजाचा काही संबंध नव्हता. खोलीच्या कूलरची गवताची जाळी बदलली आणि माझी "नवी अंतर्वासी बुरशी" येणं बंद झालं. अर्धवट लिहिलेला पेपर अजून माझ्याकडे आहे.

तेव्हा दुसरी तपासणी पेनिसिलिनची. त्याला महागडं यंत्र लागत नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियसचे दोन प्रमाणित स्ट्रेन, म्हणजे वाण, बहुतेक विभागांत असतात. एटीसीसी या अमेरिकन संग्रहातला २५९२३ हा पेनिसिलिनला सहज बळी पडतो. एटीसीसी २९२१३ थोड्या प्रमाणात पेनिसिलिनेज बनवतो, म्हणजे पेनिसिलिन तोडणारं एन्झाइम. तुमची टिकली दोघांवर ठेवा, शेजारी पेनिसिलिनची डिस्क ठेवा. दुसऱ्या स्ट्रेनवर टिकलीचा झोनही डिस्कच्या झोनसारखाच आक्रसला, तर संशय बळावला. पेनिसिलिनेज मिळत असेल तर त्याचा थेंब झोनच्या कडेला टाका, तिथं जिवाणू परत उगवले तर उत्तर मिळालं.

आणखी एक फसवणूक आम्लाची. काळी अ‍ॅस्परजिलस सायट्रिक आणि ऑक्झॅलिक आम्ल भरपूर सोडते. तिच्या टिकलीखाली पीएचची पट्टी लावली तर आकडा तीनच्या आसपास उतरलेला दिसतो. अशा आंबटात स्टॅफिलोकॉकस वाढला नाही, तर त्यात अँटिबायोटिकचा काय पराक्रम?

हे सगळं पार पडलं तरी मोठा प्रश्न उरतोच. ती बुरशी पानाच्या आतली होती, की पानावर बसलेली धूळ?

पान धुण्याची पद्धत सगळ्यांच्या वहीत सारखीच असते. आधी नळाचं पाणी, मग ७० टक्के अल्कोहोल मिनिटभर, सोडियम हायपोक्लोराइट काही मिनिटं, पुन्हा अल्कोहोल थोडं, आणि शेवटी निर्जंतुक पाण्यानं तीनदा. घोडं पेंड खातं ते हायपोक्लोराइटपाशी. रविवार कारंजावरून आणलेल्या बाटलीवर चार टक्के लिहिलेलं असतं, पण ती दुकानात किती महिने होती आणि उन्हात होती का, हे कोण सांगणार? उष्णतेनं आणि उजेडानं त्यातलं क्लोरीन उडून जातं. उलट बाटली ताजी असेल आणि पान कोवळं असेल, तर तीन मिनिटांत आतली बुरशीही मरते आणि आपण वहीत "या झाडात अंतर्वासी बुरशी आढळली नाही" असं लिहून मोकळे होतो. जांभळाचं जून पान चामड्यासारखं, मेणचट असतं, त्याला चार मिनिटं सोसतात. त्याच झाडाच्या कोवळ्या पानाला दीड मिनिटही जड जातं. वेळ झाडागणिक आणि पानागणिक ठरवायची असते.

धुणं पुरेसं झालं का, हे कळण्यासाठी छाप घ्यायचा. धुतलेलं अख्खं पान पीडीएवर मिनिटभर अलगद दाबा, उचलून घ्या आणि ती प्लेट इतर प्लेटांइतकेच दिवस ठेवा. शेवटच्या धुण्याचं पाणीही एका प्लेटवर पसरा. दोन्ही कोऱ्या राहिल्या, तरच आत काय आहे याबद्दल बोलायचा हक्क. तुमच्या प्रश्नात छापाचा उल्लेख नाही. केला असेल तर उत्तम. नसेल, तर त्या अकरांपैकी किती खरोखर आतल्या, हे आज तुम्हालाही ठाऊक नाही.

डोळ्यांनाही थोडं कळतं. पाच मिलिमीटरचे तुकडे लावल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्लेट उजेडाकडे धरून भिंगातून बघा. खरी आतली बुरशी बहुतेकदा कापलेल्या कडेतून बाहेर येते, त्यातही शीर जिथं कापली गेली त्या टोकाशी. सुरुवातीला काचेसारखे, जवळजवळ पारदर्शक चार-दोन तंतू, कापसाच्या धाग्याहून कितीतरी बारीक, अगारवर चाचपडत पुढं सरकणारे. दुसऱ्या दिवशी त्यांचा पंखा होतो. याउलट पानाच्या चकचकीत पाठीवर, कडेपासून लांब, मधोमध एकदम हिरवा ठिपका उगवला तर मी तो वहीत "संशयित" म्हणून लिहिते. हा काही पक्का नियम नाही. पण चौदा महिने गमावल्यावर माणूस ठिपक्यांकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतो.

आणि घाई करू नका. कोलेटोट्रायकम, लॅसिओडिप्लोडिया, फोमॉप्सिस असली मंडळी पाच-सहा दिवसांत प्लेट भरून टाकतात आणि विद्यार्थी खूश होऊन प्लेट फेकतो. मला रस असतो तो तिसऱ्या आठवड्यात कोपऱ्यातून हळूच डोकं काढणाऱ्यांत. त्यांना जागा मिळावी म्हणून तुकडे आणखी लहान कापा, एका प्लेटवर चार-पाचच ठेवा, आणि पसरणाऱ्यांची टोकं रोज कापून दुसरीकडे हलवा. म्हशी राखण्यासारखं काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

आता पानाच्या आत इतकी गर्दी का, तेही सांगते, कारण नमुना कधी गोळा करायचा हे त्यावरच ठरतं. उष्ण कटिबंधातल्या झाडांचं कोवळं पान उमलतं तेव्हा आतून जवळजवळ रिकामं असतं. बुरशी सहसा बियांतून वारशानं येत नाही, ती बाहेरून येते: हवेतून, पावसाच्या शिंतोड्यांतून बीजाणू पानावर पडतात, ओलाव्यात रुजतात आणि आत शिरतात. पान जसं जून होत जातं तशी वस्ती दाट होते. पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर एलिझाबेथ अर्नोल्ड आणि सहकाऱ्यांनी दोन जातींच्या झाडांची फक्त ८३ निरोगी पानं तपासली होती. २००० साली त्यांनी प्रसिद्ध केलेला आकडा होता, बुरशीचे ४१८ वेगवेगळे दिसणारे प्रकार. पंचवटीतल्या जुन्या वाड्यात जसे एकेका खोलीत भाडेकरू, तसं एकेका पानात. एवढ्याशा जागेत इतके जण दाटीवाटीनं राहायचे, तर शेजाऱ्याला दूर ठेवायला काही ना काही रसायन सोडणं आलंच, या तर्कावर आपण त्यांच्यात अँटिबायोटिक शोधतो. तर्क चांगला आहे. पण प्रत्येक रसायनाचं पानाच्या आत नेमकं काम काय, हे फार थोड्या वेळा कुणी दाखवून दिलंय, एवढं लक्षात असू द्या.

नाशिक जिल्हा या कामाला सोन्यासारखा आहे. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस, शहरात त्याच्या पाव भागाच्या आसपास, आणि सटाणा-मालेगावकडे आणखी कमी. म्हणजे तोच आंबा, तेच जांभूळ तासा-दोन तासांच्या अंतरावर तीन निरनिराळ्या हवामानांत सापडतं. चैत्रात आंब्याची तांबूस पालवी घ्या आणि त्याच फांदीचं पान भाद्रपदात घ्या, दोन्ही प्लेटा शेजारी ठेवा. या एका तुलनेवर चांगला प्रबंध उभा राहील. त्यात एकही झोन आला नाही तरी चालेल.

आता तुमच्या १८ मिलिमीटरकडे येते. त्यात सहा मिलिमीटर तर टिकलीच आहे. उरलेल्या आकड्यावरून औषध किती जहाल हे ठरत नाही, कारण झोन दोन गोष्टींनी बनतो. रसायन किती मारतं ही एक, आणि ते अगारमधून किती लांब पाझरतं ही दुसरी. लहान, पाण्यात सहज विरघळणारा रेणू झपाट्यानं पसरतो आणि मोठा झोन देतो. तेलकट, अवजड रेणू जागचा हलत नाही, मग तो कितीही कर्दनकाळ असला तरी झोन जेमतेम टिकलीच्या कडेपुरता. शिवाय अगारची जाडी, जिवाणू किती दाट पसरले, टिकली किती दिवसांची, यांनीही आकडा हलतो. "आमच्या बुरशीचा झोन जेंटामायसिनच्या डिस्कपेक्षा मोठा" असं वाक्य असलेले प्रबंध मी परत पाठवले आहेत. डिस्कमध्ये जेंटामायसिन दहा मायक्रोग्रॅम असतं. तुमच्या टिकलीत काय आणि किती आहे, कुणाला माहीत?

म्हणून पुढची पायरी अर्काची. बटाटा-डेक्स्ट्रोजच्या पातळ माध्यमात बुरशी दोन ते तीन आठवडे वाढवा, मलमलीतून गाळा, गाळलेल्या रसात तेवढंच इथाइल अ‍ॅसिटेट घालून तीनदा हलवा, वरचा थर वेगळा करून कमी तापमानात आटवा. लिटरभर रसातून शे-दीडशे मिलिग्रॅम चिकट, तपकिरी, काकवीसारखा अर्क निघाला तरी पुष्कळ. याच वेळी बुरशी न घातलेलं माध्यमही तसंच हलवून, तसंच आटवून ठेवा. हा कोरा अर्क नसेल, तर तुमचे पुढचे सगळे आकडे अधांतरी. इथाइल अ‍ॅसिटेट पूर्ण उडालं नाही तर तेही जिवाणूंना मारतं. अर्क विरघळवायला वापरलेलं डीएमएसओ हे द्रावक जास्त झालं तर तेही.

मग एमआयसी, म्हणजे जिवाणूंची वाढ रोखणारं कमीत कमी प्रमाण, काढा. शहाण्णव खळग्यांची प्लेट, म्यूलर-हिंटन ब्रॉथ, १०२४ मायक्रोग्रॅमपासून सुरू करून प्रत्येक खळग्यात अर्धं अर्धं करत खाली. दर मिलिलिटरला सुमारे पाच लाख जिवाणू. रात्रभर ३५ अंशांवर ठेवून सकाळी रेझाझुरिनचा थेंब टाका. जिवंत जिवाणू असतील तिथं निळ्याचं गुलाबी होतं, मेलेले असतील तिथं निळंच राहतं. ज्या खळग्याला निळा रंग शेवटचा टिकला, तो तुमचा आकडा.

तो आकडा वाचायचा कसा? कच्चा अर्क दर मिलिलिटरला शंभर मायक्रोग्रॅमच्या आत काम करत असेल तर पुढं जाण्यात अर्थ आहे. शुद्ध रसायन दहाच्या आत हवं. तुलनेला, मघाच्या एटीसीसी २९२१३ वर व्हँकोमायसिनचा आकडा अर्धा ते दोन मायक्रोग्रॅम येतो. तुमचा कच्चा अर्क हजारवर आला, तर तसं सरळ लिहा आणि उरलेल्या दहा प्रकारांकडे वळा. कच्च्या अर्काचा मोठा आकडा म्हणजे नेहमीच पराभव नसतो. जहाल रसायन त्यात कणभर असू शकतं. ते बघायला टीएलसीच्या, म्हणजे पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीच्या, पट्टीवर अर्क चढवा, वाळवा आणि वर स्टॅफिलोकॉकस मिसळलेलं कोमट अगार ओता. दुसऱ्या दिवशी पट्टीवर जिथं जिवाणू उगवले नाहीत तिथं रसायन. याला बायोऑटोग्राफी म्हणतात, आणि नाशकातल्या कुठल्याही कॉलेजच्या लॅबमध्ये ती जमते. एकच स्वच्छ डाग दिसला की मला आवडतं. लांबलचक फरपटलेला पट्टा दिसला की अर्क अजून धुवावा लागणार, हे समजायचं.

ई. कोलायवर परिणाम नाही याचं फार वाईट वाटून घेऊ नका. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंना बाहेरून एक जादा पडदा असतो आणि आत शिरलेलं बाहेर फेकणारे पंपही असतात. बुरशीची बहुतेक रसायनं त्या दारातच अडतात. म्हणूनच दवाखान्यात ज्यांची सगळ्यात जास्त धास्ती आहे त्यांत ग्रॅम-निगेटिव्हच पुढं आहेत.

नवं आहे का, या प्रश्नाला माझं उत्तर: बहुधा नाही. हे निराश करायला म्हणत नाही. कडुनिंबाचंच बघा. वाराणसीच्या रवींद्र खरवार यांच्या गटानं २००९ मध्ये कडुनिंबातल्या क्लोरिडियम या अंतर्वासी बुरशीतून जाव्हानिसिन मिळवलं. चांगलं काम. ग्रॅम-निगेटिव्ह असूनही स्यूडोमोनासवर ते परिणाम करतं, म्हणून विशेष. पण जाव्हानिसिन हे रसायन १९४० च्या दशकातच फ्युजेरियममधून मिळालेलं होतं. बुरशी नवी, घर नवं, रसायन जुनं. असं वारंवार होतं, म्हणून शुद्धीकरणात वर्ष घालवण्याआधी एलसी-एमएस या रेणू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर रेणूचं वजन बघून आधीच्या नोंदींशी ताडून घ्यायचं. ते यंत्र तुमच्या कॉलेजात नसेल, पुण्यात पैसे भरून नमुना तपासून मिळतो. आधी बायोऑटोग्राफी करा आणि मग एकच नमुना पाठवा, अकरा पाठवू नका.

नवं असलं तरी काय होतं त्याचीही एक गोष्ट आहे. कोस्टा रिकाच्या ग्वानाकास्ते भागातल्या डॅफ्नॉप्सिस अमेरिकाना या झाडातल्या बुरशीतून २००० साली ग्वानाकास्टेपीन नावाचं रसायन सापडलं. सांगाडा अगदी नवा, मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसवर आणि व्हँकोमायसिनला न जुमानणाऱ्या एंटेरोकॉकसवरही परिणाम. रसायनशास्त्रज्ञ तो रेणू कृत्रिमपणे बनवायला धावले, आणि बनवलाही. पण ते माणसाच्या तांबड्या पेशीही फोडत होतं. जिवाणूचा पडदा फाडणारं रसायन आपल्या पेशीचा पडदा फाडणार नाही, याची हमी कोण देणार? तेव्हा एमआयसी चांगली आली की दुसऱ्याच दिवशी रक्ताची चाचणी करा. खारट पाण्यात दोन टक्के तांबड्या पेशी, त्यात अर्क, तासभर ३७ अंशांवर, मग सेंट्रिफ्यूज. वरचं पाणी लाल झालं तर पेशी फुटल्या. खर्च जवळपास नाही, आणि वर्षाची मेहनत वाचते. झोन आला म्हणून खरचटलेल्या जागी अर्क लावून बघणारा एक हुशार मुलगा माझ्या वर्गात होता. तुम्ही तसं काही करणार नाही, असं धरते.

आता ज्या गोष्टीनं मला सगळ्यात जास्त छळलं, ती म्हणजे पुन्हा तेच मिळणं. एका वर्षी आमच्याकडे शेकरवरचे फ्लास्क खोलीच्या तापमानालाच असायचे. ऑगस्टमध्ये अर्क जबरदस्त. डिसेंबरात तोच प्रकार, तेच माध्यम, अर्क मेलेला. मार्चमध्ये पुन्हा जिवंत. आम्ही माध्यम बदललं, पाणी बदललं, एकमेकांवर चिडलो. कारण साधं होतं. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा नाशकातली लॅबही रात्री गारठते, आणि बुरशी जगली तरी ते रसायन बनवायचं सोडून देते. नोंदवहीत तापमानाचा रकानाच नव्हता.

दुसरं कारण जास्त खोल आहे. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडात कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगावरच्या औषधांचं मूळ रसायन असतं. त्याच झाडातल्या एका बुरशीतही ते मिळाल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हा आम्ही सगळे हरखलो होतो, कारण नरक्याची तोड थांबेल असं वाटलं. पण पुढं नरक्यातल्या बुरशी वापरून बंगळुरूच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की प्लेटवरून प्लेटवर नेत गेलं की बुरशीतलं हे रसायन पिढीगणिक घटत जातं. झाडाच्या आत मिळणारा कुठला तरी इशारा प्लेटवर मिळत नसावा. टॅक्सॉल या कर्करोगावरच्या औषधाचंही तसंच. यू झाडातल्या बुरशीत ते सापडल्याचं १९९३ मध्ये मोठं गाजलं, पण २०१३ मध्ये तीच बुरशी पुन्हा खोलात तपासल्यावर ती स्वतः टॅक्सॉल बनवते याचा पुरावा मिळाला नाही.

म्हणून झोन दिसला त्याच आठवड्यात मूळ कल्चरच्या डझनभर प्रती जपून ठेवायच्या. उणे ऐंशीचा फ्रीज नसेल आणि लोडशेडिंगची भीती असेल, तर सगळ्यात गरीब पद्धत सगळ्यात भरवशाची आहे: निर्जंतुक डिस्टिल्ड वॉटरच्या छोट्या बाटलीत बुरशीच्या पाच-सहा टिकल्या टाका, झाकण घट्ट लावा आणि अंधाऱ्या कपाटात ठेवा. अनेक बुरशी अशा वर्षानुवर्षं जगतात. प्रत्येक प्रयोगाला नवी बाटली उघडा, स्लँटवरून स्लँटवर चालवत नेऊ नका. एक प्रत पुण्याला आघारकर संशोधन संस्थेतल्या राष्ट्रीय बुरशी संग्रहात द्या. तिथला क्रमांक मिळाला की तुमच्या कामाला पत्ता मिळतो.

बुरशी थंडावली असेल तर तिला चिथवताही येतं. पातळ माध्यमाऐवजी शिजवलेल्या तांदळावर वाढवा, प्रकाश बदला, मीठ घाला, किंवा शेजारी जिवाणू पेरा. एकच बुरशी वेगळ्या माध्यमात वेगळी रसायनं देते. मला स्वतःला तांदूळ फार पावला आहे. फ्लास्कमध्ये इंद्रायणीचा भात बघून शिपाईमामांनी एकदा विचारलं होतं, मॅडम, डबा विसरलात का?

ओळख पटवण्याचं थोडक्यात सांगते. बुरशीच्या डीएनएतल्या आयटीएस भागाचं सिक्वेन्सिंग करा, पण ते जीनसपर्यंत, म्हणजे जातींच्या गटापर्यंतच, नीट नेतं. कोलेटोट्रायकम किंवा फोमॉप्सिसमध्ये जातीचं नाव लावायला आणखी दोन-तीन जनुकं लागतात. ९९ टक्के जुळलं म्हणून जातीचं नाव ठोकून देऊ नका.

पेटंटचं म्हणाल तर भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(क) प्रमाणे निसर्गात सापडलेला पदार्थ केवळ सापडला म्हणून पेटंटला पात्र नाही. मिळवण्याची नवी प्रक्रिया असेल तर गोष्ट वेगळी. त्यासाठी बुरशी मान्यताप्राप्त संग्रहात जमा करावी लागते, तसा एक पुण्यात आहे आणि एक चंदिगडला. शिवाय २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पायरी चुकवता येत नाही. आणि त्याहून आधी, अंजनेरीचं ते जांभूळ वनखात्याच्या हद्दीत आहे का? असेल तर परवानगीचा कागद फाइलला आहे का? नसेल तर पुढचे नमुने घेण्याआधी अर्ज करा. पेपर प्रसिद्ध केला की नवेपण गेलं, त्यामुळे पेटंटचा खरोखर विचार असेल तर गाइडशी आधी बोलून घ्या.

राहता राहिले तुमचे वडील. तेल्या हा जिवाणूचा रोग आहे, झँथोमोनासचा, आणि कसमादे पट्ट्यात, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा भागात, त्यानं किती बागा उपटायला लावल्या हे तुमच्या घराला मी सांगायला नको. बुरशीच्या रसायनानं तेल्या रोखता येईल का, हा प्रश्न म्हणून मला स्टॅफिलोकॉकसपेक्षाही आवडला. पण झँथोमोनास ग्रॅम-निगेटिव्ह आहे, आणि तुमच्या बुरशीनं ई. कोलायला हात लावलेला नाही. शक्यता कमी धरा, तरी प्लेटवर करून बघा, झँथोमोनासला २८ अंश मानवतात आणि त्याच्या पिवळ्या, बुळबुळीत कॉलनी ओळखू येतात. ते कल्चर लॅबमध्येच ठेवा, बागेकडे नेऊ नका.

बुरशी किंवा तिचा अर्क बागेत फवारायचा विचार मात्र आजच सोडा. जांभळात गुण्यागोविंदानं राहणारी कोलेटोट्रायकम दुसऱ्या पिकावर करपा घेऊन येऊ शकते. वडिलांना सांगा, बोर्डो मिश्रणाची फवारणी चालू ठेवा, तेलकट डागांची फळं आणि फांद्या छाटून बागेबाहेर जाळा. आणि तुम्हाला सुटीत घरी काम हवं असेल, तर तुमच्याच बागेत तेल्या लागूनही एखाद-दुसरं झाड कमी झोडपलेलं असतं का, ते बघा. असेल तर त्याची निरोगी पानं आणि त्याच ओळीतल्या रोगट झाडाची निरोगी पानं, दोन्ही एकाच दिवशी धुऊन लावा. छाप घ्यायला विसरू नका.